तरसाचा मामा

पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी मामा खाकरत. घरात सुनाबाळा असल्या की वडीलधारी माणसं उंबऱ्याशी खाकरतात ना, अगदी तसं. बागेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे सकाळी शटर वर करताना ते मला रोज ऐकू येई. एकदा मला हसू आलं, तर म्हणाले, "ताई, त्याचं घर हाय ते. न सांगता कसं शिरावं?"

आमच्या बागेत एकेकाळी बिबट्या, अस्वल, चितळं, साळिंदर, अजगर, तरस असा मोठा कुटुंबकबिला होता. आजच्या पोरांना सांगितलं तर थाप वाटते. तुमच्यापैकी कुणी लहानपणी सहलीला आला असाल, तर तुम्हीच माझे साक्षीदार. मामा बागेचे राखणदार, पण त्या सगळ्यांचे मामाच. स्वतःचं माणूस म्हणाल तर बायको लवकर गेलेली आणि सास्तूरला एक पुतण्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गाव शेतात भज्जी-अंबील खायला जाई. मामा मात्र पुतण्याच्या शेतातून अंबिलीनं भरलेली बिंदगी, छोटी घागर, घेऊन दुपारीच परतत आणि उभ्या पिकावर शिंपडावी तशी पिंजऱ्यांभोवती शिंपडत. "माझं रान हेच की," म्हणत. लोक येडा म्हणत, मामांना त्याचं काही नव्हतं.

पुढे हा कबिला ओसरत गेला. बिबट्या म्हातारपणी मेला, दुसरा आलाच नाही. लहान पिंजऱ्यांत असली जनावरं ठेवायची नाहीत असा नियम आला, आणि तो बरोबरच होता. अस्वलाची येरझार मलाही बघवत नसे. अस्वल मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेलं, पाठोपाठ चितळं गेली. पोपट सोडून दिले आणि त्यांच्या जागी लव्हबर्ड्स आले. मामांना हे उमजेना. "आपला राघू ठिवायचा न्हाय, फॉरेनचा चालतो. असं कसं वो ताई?" मधे इमूपालनाची टूम आली आणि बुडाली. तेव्हा सकाळी बागेच्या फाटकाला कुणीतरी इमू बांधून गेलेलं असे. मामा आधी त्याला पाणी पाजत. "कोंबडीचं अंग अन् उंटाची मान. पण दारी आलंय न्हवं," एवढंच म्हणत.

जुन्यांपैकी शेवटी उरली तरसाची मादी. तिला कुणी मागितलंच नव्हतं. तरस बघायला कोण येतं? मामा तिला म्हातारी म्हणत आणि तिच्यासमोर बसून आपला डबा खात. नोकरी सरायला त्यांना थोडेच दिवस राहिले होते. "माझी नोकरी सरंल तवर तिचंबी सरंल," असा त्यांचा हिशेब होता. "हितंच, माझ्या डोळ्याम्होरं. परक्या मुलखात नगं."

आणि तिलाही अस्वलासारखं मोठ्या शहरात न्यायचा हुकूम आला. पिंजरे पाडायचे ठरले होते, त्यामुळे रडून भागणार नव्हतं. गाडी आली, पण म्हातारी लोखंडी पेटीत शिरेना. मटण ठेवलं, मागून बांबू वाजवला. ती कोपऱ्यात बसून दात विचकत राहिली. दुपार कलल्यावर डॉक्टर म्हणाले, "भुलीचं इंजेक्शन द्यावं लागेल. पण या वयात पुन्हा उठेल का, सांगता येत नाही."

मामा सकाळपासून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. ते उठले. पेटीच्या पलीकडच्या गजांशी जाऊन उकिडवे बसले आणि हाक मारली, "ये गं म्हातारे. म्या हाय."

ती उठली, सरळ पेटीत चालत आली आणि गजांतून त्यांचा हात चाटू लागली. मागचं दार खाली पडलं.

गाडी गेली. तिनं चाटलेला उजवा हात अंगापासून लांब धरून मामा घरी गेले.

निवृत्त होऊन ते सास्तूरला राहायला गेले. मी म्हटलं, तुळजापूरहून तिकडची एसटी मिळते, जाऊन म्हातारीला भेटून या. "कोणत्या तोंडानं जाऊ, ताई? माझ्या इस्वासावर चढली ती." तिच्या नव्या राखणदाराचा नंबर मात्र त्यांनी मिळवला होता. स्वतःजवळ फोन नव्हता, म्हणून बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन मला लावायला सांगत.

"खाल्लं का तिनं?"

खाल्लं.

"बसती कुठं?"

मागे, भिंतीकडे तोंड करून. पुढे येतच नाही.

मामा फोन परत देत. "रुसलीय माझ्यावर," म्हणत आणि खाली मान घालून बसून राहत. मला त्यांची दया येई आणि कधीकधी रागही. एका तरसापायी माणसानं इतकं झिजावं का? पण तसं तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही.

या थंडीत मामा गेले. झोपेतच गेले, असं पुतण्या सांगत होता. बागेत आता सिंह आहे, जिराफ आहे, डायनासोरसुद्धा आहे, सगळे फायबरचे. त्यांच्या पाठीवर बसून पोरं फोटो काढतात.

परवा दुकानात गर्दी असताना त्या राखणदाराचा फोन आला.

"मामांचा बरेच दिवसांत फोन नाही, म्हणून मीच लावला. त्यांना तेवढं सांगा ना, म्हातारी आज आपणहून पुढे आली. सकाळपासून जाळीपाशी बसलीय. ऐकून बरं वाटेल त्यांना."

मी म्हटलं, "सांगते."