शंभर फेऱ्या, तीन मिनिटं

"नासलं!" हा त्यांचा आवडता शब्द. नाक आक्रसायचं, मान डावीकडं कलती करायची आणि फाटलेल्या दुधाचं पातेलं कुणी नाकाखाली धरल्यासारखं म्हणायचं, "नासलं की रं!" चहा नासलेला, रस्ते नासलेले, नवे सिनेमे नासलेले, जावयाची बोलण्याची पद्धतसुद्धा नासलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या माणसाच्या दुकानात एक गोष्ट अशी होती, जी त्यांच्या मते अजून नासलेली नव्हती. ती मी नासवली होती, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं.

राजारामपुरीच्या एका गल्लीत त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. हिंदी-मराठी गाणी ते एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे, जयंतीच्या मिरवणुकीसाठी भीमगीतांच्या कॅसेटी भरायचे. तो पोटाचा धंदा. काचेच्या कपाटात मात्र एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्यावर वाजणारी एकच रेकॉर्ड, एका गाजलेल्या विलायती रॉक बँडची. बँडचं नाव सांगत नाही, कारण त्यावरून भांडणारी मंडळी मला ठाऊक आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारातून काकांनी ती छातीशी धरून आणली होती. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण दुसऱ्या गाण्यात गिटार कुठं रडवेली होते ते आधीच बोट वर करून दाखवायचे. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी ती रेकॉर्ड त्यांच्याकडूनच भरून नेली. दुसरीकडं मिळतच नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला मी उद्यमनगरात, गावातल्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर कामाला होतो. एका दुपारी काका रुमालाची पुरचुंडी घेऊन आले. आत प्लेअरच्या मोटरची पितळी पुली होती. तिच्यावरून पट्टा फिरतो आणि पट्टा तबकडी फिरवतो. घासून घासून ती गुळगुळीत झाली होती.

"पावणं, अशीच दुसरी पायजे. मुंबईवालं म्हणत्यात, मिळत न्हाय."

"उद्यमनगरात हुत न्हाय आसं काय हाय व्हय, काका?" मी छाती फुगवून म्हणालो.

व्हर्नियर लावून मी ती पुली मोजली आणि नमुन्याबरहुकूम दुसरी उतरवून दिली. केसाचाही फरक नाही. आमच्याकडं रीतच ती, नमुना आला की नमुन्यासारखं द्यायचं. नमुना झिजलेला आहे, मग नवा असताना तो किती जाड असेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही. काकांनी खुश होऊन मला त्या रेकॉर्डची कॅसेट भरून दिली आणि मी त्यांच्या दुकानाचा कायमचा गिऱ्हाईक झालो. दर रविवारी तिथं बसायचो. पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तपासणी खात्यात लागलो, तेव्हापासून ते मला 'इंजिनेर' म्हणायला लागले. मी आयटीआय शिकलेला, पण ते ऐकायला गोड वाटायचं.

दोन हजार साल उलटून गेलं. कॅसेटी मागं पडल्या, दुकानात धूळ वाढली. अशात बंगळूरला नोकरीला गेलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं काकांना भेट पाठवली. त्याच रेकॉर्डची 'रिमास्टर्ड डिलक्स' आवृत्ती. काळी मखमली पेटी, सोनेरी अक्षरं, दोन सीड्या आणि मध्ये जाडजूड पुस्तक. श्रीमंताघरच्या लग्नपत्रिकेसारखं ते प्रकरण बघूनच मला कसंसं झालं.

काकांनी आधी दुसरी सीडी लावली. तिच्यात फेकून दिलेले तुकडे होते. अर्धवट गाणी, कुणाचं खोकणं, कुणाचं हसणं.

"ह्ये खरकटं हाय," काका म्हणाले. "पंगत उठल्यावर पत्रावळीतलं गोळा करून मखमलीत भरलंय."

मग पहिली लावली. अर्ध्या मिनिटात मान कलली.

"नासलं! ऐक, ऐक. पळतंय बघ कसं. कुत्रं मागं लागल्यागत पळतंय. अन् गड्याचा आवाज बघ, चिरकलाय निस्ता."

मलाही अगदी तसंच वाटलं. जिथं गाणं थांबून दम घ्यायचं तिथं आता दम नव्हता. सगळं घासूनपुसून चकचकीत केलेलं. खरं सांगतो, मला शिसारी आली.

त्या दिवशी दुकानात एक गिटार शिकवणारे मास्तर बसले होते. सभ्य माणूस, हळू बोलणारा. ते म्हणाले, "काका, सीडी बरोबर आहे. माझी गिटार तिच्याशी जुळते, तुमच्या रेकॉर्डशी जुळत नाही. तुमचं यंत्रच हळू फिरतंय."

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या कानांवरच त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी माझ्याकडं वळून फर्मान सोडलं, "इंजिनेर, मोज!"

मोजणं अवघड नव्हतं. तीन मिनिटांत रेकॉर्डच्या शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. मी तबकडीला पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावली, कंपनीचं स्टॉपवॉच खिशातच होतं. दुकानात चारपाच जण. काका माझ्या ओठांकडं बघत मनात मोजत होते. शंभरावी फेरी झाली आणि मी बटण दाबलं. तीन मिनिटं अकरा सेकंद.

आणि मग मला तबकडीखालची पुली दिसली. माझी पुली. झिजलेल्या नमुन्याबरहुकूम उतरवलेली, म्हणून बारीक, म्हणून हळू. जुनी पुली वर्षानुवर्षं झिजत गेली तसे काकांचे कान तिच्या मागं मागं गेले, आणि मी नव्या पितळेत ती चूक पक्की करून दिली.

"किती?" काकांनी विचारलं.

"तीन मिनिटं," मी म्हणालो. "बरोब्बर."

काकांचं मन राखायला बोललो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. ते साफ खोटं आहे. मला माझी पुली झाकायची होती. चार माणसांत 'इंजिनेर' म्हणवून घेतल्यावर ती दाखवायची कशी?

काकांनी मास्तरांना त्याच मिनिटाला दुकानाबाहेर काढलं. "निघा! इंजिनेरानं मोजलंय!" दुसऱ्या दिवशी दारावर पुठ्ठा लागला: खरी रेकॉर्ड इथंच ऐकायला मिळेल, पेटीवाली नासलेली आहे. मग पोरं मुद्दाम यायला लागली. दारात उभं राहून सीडी वाजवायची, आत काकांची रेकॉर्ड, आणि हसणं. कुणीतरी त्यांचं नाव 'स्लो मोशन' ठेवलं. काका एकेकाशी भांडायचे आणि प्रत्येक भांडणात माझी साक्ष काढायचे. मी रस्त्यावरून एकदा ऐकलं: "इंजिनेरानं मोजलंय, भावा! त्यो कागलला मशिनी तपासतोय!" मी सायकल वळवली. पुढं त्या गल्लीतून जाणंच सोडलं. रविवारी ओव्हरटाइम आहे असा निरोप धाडायचो. ओव्हरटाइम कसला, घरी बसून टीव्ही बघायचो. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

काका गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, पुली, अकरा सेकंद, सगळं. काकू एरवी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायच्या. त्या दिवशी आवाज खाली होता.

"मला कशाला सांगताय आता? त्यास्नी सांगायचं हुतं."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"पोरं हसायची. घरला येऊन जेवायचं न्हाईत. मी म्हणायची, आसंल की यंत्र हळू, सोडा नाद. तर माझ्यावर वराडायचं. इंजिनेर खोटं बोलणार न्हाय म्हणायचं." त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या चादरीकडं बोट केलं. "न्या ते. तुम्हासनीच द्या म्हणून सांगून गेल्यात."

चादरीसकट प्लेअर उचलून मी खाली आणला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"लई जुनं दिसतंय. चालतंय काय, दादा?"

"चालतंय," मी म्हणालो. "हळू चालतंय."

हे मी ज्याला मोठ्यानं सांगितलं असा तो पहिला परका माणूस. त्यानं "बरं" म्हटलं आणि गिअर टाकला.