कोऱ्या कागदावरचा अंगठा

माझा स्वभाव तापट. आता वयामुळे निवळलोय असं घरचे म्हणतात, पण ते मला बरं वाटावं म्हणून. ठाणेदार होतो तेव्हा तर विचारूच नका. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा आवाज चढलेला असायचा, आणि वर मला वाटायचं की यालाच वचक म्हणतात.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडचा. बदली झाली ती थेट बुलढाणा जिल्ह्यात, अमडापूरपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका ठाण्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. बायको आणि वर्षाची मुलगी घेऊन मी तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, "चाय आणून राह्यलो, साहेब," आणि मी त्याच्या तोंडावर हसलो. तोही कसनुसा हसला. असं दोन-चार वेळा झाल्यावर माणसं माझ्यापुढे मोजकंच बोलायला लागली. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्याच सुमाराला जिल्ह्याच्या साहेबांचं पत्रक आलं, की पोलिसांनी जनतेचा विश्वास संपादन करावा. मी म्हटलं, करू या. मी कुठलंही काम हुकूम सुटल्यासारखं करायचो, तसंच हेही. दर बाजारच्या दिवशी, हातात दंडुका न घेता, बाजारातल्या कडुनिंबाखाली बाकडं टाकून बसायचं ठरवलं. ज्याला जे सांगायचं ते त्यानं येऊन सांगावं. पहिल्या बाजारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बाजारी बाकड्याच्या आसपासची दुकानंसुद्धा जरा लांब सरकली. मिरच्यावालीनं तर पाठ करून पाल लावलं. मी मनातल्या मनात चरफडत होतो, की अरे, मी विश्वास संपादन करतोय आणि तुम्ही पळताय!

तिसऱ्या बाजारी एक म्हातारा शेतकरी आला. पाचेक एकराचा धनी, डोक्यावर मळकी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर. "बसू का, सायेब?" म्हणाला आणि बसला. काही तक्रार नव्हती. त्याचे पाय दुखत होते आणि सावली तेवढी एकच होती. त्यानंतर तो दर बाजारी बसायला लागला. गावात सगळे त्याला आबाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. ज्वारी, बैल, त्याच्या सुनेचा तिखट हात, अशा गप्पा व्हायच्या. त्याच्या बोलण्याला मी कधी हसलो नाही. तो बसतो म्हणून आणखी एक-दोघं बसायला लागली. मिरच्यावालीनंही पाल फिरवून तोंड माझ्याकडे केलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! साहेबांना मी तसा रिपोर्टही पाठवून दिला.

माघात एका मोठ्या जमीनदाराच्या कोठ्यातून दोन बोजे कापूस गेला. तो ठाण्यात येऊन फिर्याद देऊन गेला. संशय कुणावर म्हणून विचारलं तर म्हणाला, ते तुम्ही पाहा. आमचा जमादार म्हणजे जुना मुरलेला माणूस. त्यानं बातमी काढली, की त्याच जमीनदाराच्या सालदाराच्या घरात कापसाचं गाठोडं आहे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतात राबणारा गडी. त्याच्याकडे ना शेत ना कापूस, मग गाठोडं आलं कुठून? मला तेवढं पुरे होतं.

पंच म्हणून कुणी यायला तयार नव्हतं. पोलिसाच्या कागदावर अंगठा दिला की कोर्टाच्या चकरा सुटत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी आबाजीला बोलावलं आणि तो आला. त्याला पाहून आणखी एक जण आला.

सालदाराचं घर म्हणजे एक खोली. कोपऱ्यात गाठोडं होतं. त्याची बायको पुढे झाली आणि म्हणाली, की हा सरव्याचा कापूस आहे, मी आणि माझ्या सासूनं वेचलेला. सरवा आमच्याकडेही असतो, ज्वारीची कापणी झाली की खाली पडलेली कणसं गोरगरीब वेचून नेतात. पण आमच्याकडे कापूसच नाही, तर त्याचा सरवा मी कुठून ऐकणार? इथं शेवटची वेचणी झाली की झाडावर राहिलेली किडकी, अर्धी उमललेली बोंडं वेचायला बायकांना मोकळीक असते, मालकाला त्यात विचारायचंही नसतं, हे लहान पोरालाही माहीत होतं. माझ्या जमादाराला तर होतंच. पण माझा आवाज चढला होता. मी "चोरीचा माल आणि वर थापा!" असं ओरडलो, आणि जमादार म्हणाला, "जी, साहेब."

मला त्या दिवशी बुलढाण्याला बंदोबस्तासाठी पोहोचायचं होतं. गाडी निघायला आली होती. पंचनामा लिहायला वेळ नव्हता. तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं, कोरे कागद पुढे केले आणि म्हटलं, "आबाजी, अंगठा द्या. मजकूर मागून लिहितो." त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी म्हणता तं देतो," तो म्हणाला.

आणि त्यानं अंगठा दिला. दुसऱ्यानंही दिला.

मजकूर जमादारानं लिहिला. दोन दिवसांनी परत आल्यावर मी न वाचता सही ठोकली. गाठोडं तोवर लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत गेलं होतं. ते मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. सालदाराला कोठडी झाली. त्याला जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही.

फाल्गुनाच्या शेवटी तारीख लागली. पाडवा तोंडावर आला होता. तिकडे पाडव्याला सालदारांची नवी बोली होते. ज्याच्यावर चोरीचा शिक्का बसला त्याला कुणी वाड्यात पाऊल टाकू देत नाही, मग ते अख्खं वर्ष त्याच्या घरादारानं काय खायचं? त्याची बायको दोनदा ठाण्याच्या पायरीशी येऊन बसून गेली. मी तिला आत बोलावलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी जमादारानं आबाजीला ठाण्यात बोलावून त्याची साक्ष वाचून दाखवली. कोर्टात घोटाळा नको म्हणून पंचांना अशी उजळणी देत असत. म्हातारा ऐकून उठला आणि तडक माझ्या क्वार्टरवर आला. बायकोनं चहा ठेवला. तो म्हणाला, कागदात लिहिलंय की पांढरा स्वच्छ वेचणीचा कापूस सापडला आणि तो चोरीचा असल्याचं पंचांनी ओळखलं. "म्या हे कवाच म्हणलो नाही, सायेब. गाठोडं कोनं सोडलंच नाही."

मी काय करायला हवं होतं ते आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला फक्त माझी सही दिसत होती. मी भडकलो. जो माणूस चार महिने माझ्या शेजारी बाकड्यावर बसला, त्याला मी अरे-तुरे केलं. साक्ष फिरवलीस तर खोटी साक्ष दिली म्हणून तुलाच आत घालीन, असंही म्हणालो. आबाजीनं टोपी सारखी केली.

"उद्या येतो कोर्टात," एवढंच म्हणाला आणि गेला.

बायको बाहेर आली. त्यांनी चहा का घेतला नाही, असं तिनं विचारलं. मी तिच्यावरही खेकसलो.

दुसऱ्या दिवशी एकाच एस्टीत आम्ही दोघं होतो. मी पुढे, तो अगदी मागच्या बाकावर. सारी वाट मी मागे वळून पाहिलं नाही.

कोर्टात सालदारातर्फे एक म्हातारे वकील फुकट उभे राहिले होते. आबाजी पिंजऱ्यात गेला आणि त्यानं सरळ सांगून टाकलं, की कागद कोरा होता. आमचे सरकारी वकील उसळले. साक्षीदार फितूर झालाय, आरोपीला सामील झालाय, याच्यावर खटला भरा, अशी त्यांनी मागणी केली. मी दाराशी उभा होतो. पण म्हातारा शब्द मागे घेईना. दुसरा पंच त्या दिवशी आलाच नाही.

मग मॅजिस्ट्रेटनी गाठोडं मागवलं. जमादारानं सील तोडलं, गाठ सोडली. आतला कापूस पिवळट होता. त्यात वाळल्या पाल्याचा चुरा, काड्या, किडलेल्या बोंडांची टरफलं. मॅजिस्ट्रेट त्याच मुलखातले असावेत. त्यांनी चिमूटभर कापूस बोटांत धरून चुरला आणि माझ्या नावाचा पुकारा करायला सांगितला.

एक वाट होती. कोठ्यातला मालच चोरानं खराब केला असेल, अंगठा मात्र भरल्या कागदावरच घेतला, असं म्हणता आलं असतं. जमादार माझ्याकडे पाहत होता, त्याच्या डोळ्यांत तेच होतं. तसं म्हटलं असतं तर माझी नोकरी शाबूत राहिली असती आणि आबाजी तुरुंगात गेला असता. माझ्या शब्दापुढे त्याच्या अंगठ्याला कोण विचारतो? सालदाराच्या वकिलांनी विचारलं, अंगठा घेतला तेव्हा कागदावर मजकूर होता का. मला माझीच अशी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"नव्हता," मी म्हणालो. "कागद कोरा होता. पंच खरं सांगतायत."

सालदार सुटला. पाडव्याला चार दिवस होते. निकालात माझ्यावर ताशेरे आले, चौकशी लागली, बढती अडली आणि महिन्याभरात बदलीचा कागद आला. जमादार पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलला. कापूस खरा कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कोर्टानंतरच्या बाजारी मी कडुनिंबाखाली जाऊन बसलो. आबाजी आला, लांबून रामराम केला आणि पुढे गेला. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. मला त्याचा राग आला नाही. राग यायला मला काही जागाच उरली नव्हती. पण त्याच दिवसांत एका मारामारीचा पंचनामा करायचा होता, आणि मी न बोलावता तो ठाण्याच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "पयले लिवा. मंग वाचून दाखवा. मंग अंगठा." मी जागेवर मांडी घालून लिहिलं, मोठ्यानं वाचलं. दोन ठिकाणी त्यानं दुरुस्ती सांगितली, ती केली. मगच त्यानं अंगठा दिला. पाठोपाठ दुसरा पंच म्हणून मिरच्यावालीचा नवरा आपणहून पुढे आला. तिथून पुढे बत्तीस वर्षं नोकरी केली, मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावरही बसलो, पण हाताखालच्या कुणालाही कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ दिला नाही. त्यापायी मला पुष्कळांनी वेड्यात काढलं.

आम्ही निघालो त्या दिवशी एस्टीच्या थांब्यावर दहा-बारा माणसं आली होती. आबाजी होता, आणि सालदाराची बायको पदर तोंडाशी धरून त्याच्या मागे. कोर्टानं परत दिलेल्या कापसाची तिनं माझ्या मुलीसाठी छोटीशी उशी शिवली होती. मी हात मागे घेतला. असलं काही घ्यायचं नाही असा माझा नेम होता, आणि तिच्याकडून घ्यायचं तोंडही मला नव्हतं.

आबाजीनं उशी तिच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"सरव्याचा हाय," तो म्हणाला. "पयले उघडून पाहा. मंग घ्या."

लोक हसले. कंडक्टर घंटी वाजवत होता. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, उशीच्या कोपऱ्याचे दोन टाके उसवले आणि आत पाहिलं. कापूस पिवळटच होता, पण तिनं त्यातली काडी न् काडी वेचून काढली होती. मला काही दिसेनासं झालं. बायकोनं पुढे होऊन उशी घेतली आणि उसवलेले ते दोन टाके पुढे मी घातले की तिनं, ते आता आठवत नाही.