वगळलेला परिच्छेद

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. नळाच्या दाबापासून रिक्षावाल्यांच्या मनमानीपर्यंत प्रत्येक अन्यायावर मी पत्रे लिहिली आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव, पत्ता, सही केली. एकच पत्र मात्र मी निनावी धाडले — आणि ते सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो आहे.

एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून मी निवृत्त झालो होतो. घरचा रिवाज असा, की पत्राचा मसुदा माझा आणि स्वच्छ प्रत माझ्या मुलीची, अनघाची. तिचे अक्षर पाहून कार्यालयातले कारकूनही पत्र शेवटपर्यंत वाचतात, असा माझा समज होता. ती वकील होणार हे मी ठरवूनच टाकले होते. तिने पहिल्याच वर्षी कायदा सोडला आणि अंधेरीतल्या एका स्टुडिओत ॲनिमेशनची पार्श्वचित्रे रंगवू लागली. एका जपानी मालिकेतली काही दृश्ये तिथे तयार होत. मला न विचारता घेतलेला निर्णय — मी त्याला एकतर्फी निकाल म्हणत असे. तो मी कधी मान्य केला नाही.

पुढे ती मालिका हिंदी आवाजात केबलवर लागली. दुपारी चार वाजता. अनघा कामावर, पत्नी भजनी मंडळात. मी एकटा.

कथा? कथेचा मला आजही संताप आहे. नायक सहाव्या भागात शपथ घेतो आणि नवव्यात खुद्द लेखकच ती विसरतो. मेलेली माणसे कारण न देता परततात. एका भागात तर न्यायाधीश आरोपीचे म्हणणे न ऐकताच त्याला हद्दपार करतो, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

पण चित्रे — चित्रांचे काय सांगू? डोंगरावरून उतरणारे धुके आधी छपरे पुसत जाई, मग माणसे. कंदिलाचा उजेड ओल्या दगडावर वेगळा पडतो आणि कोरड्यावर वेगळा. साठ वर्षांत न पाहिलेला हा फरक मला त्या पडद्याने दाखवला. अकराव्या भागात नायिकेच्या घरामागे केळीची बाग आली. वाऱ्याने चिरलेली पाने, त्यांतून गाळून आलेले हिरवे ऊन, बांधावर उलटी ठेवलेली टोपली. मी खुर्चीतून उठलो. ती आमच्या जुन्या घराजवळच्या सांडोर गावची बाग होती. अनघा लहान असताना दर रविवारी तिला सायकलवर पुढे बसवून मी तिथे भाजी आणायला जात असे. बागेतली बाई वांगी तोडून देईपर्यंत ती बांधावर बसून राही. तीच बाग तिने जपानी डोंगराखाली रुजवली होती — कुणालाही न विचारता.

मी वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलो. पहिला परिच्छेद चित्रांवर. इतके मोकळे कौतुक माझ्या हातून कधी उतरले नव्हते. दुसरा कथेवर. मग पहिला मी खोडून टाकला. जागेअभावी? नाही. ते काम तिने सोडावे आणि कायद्याकडे परत यावे, हे मला हवे होते. प्रत तिच्याकडून करून घेणे शक्यच नव्हते. कोर्टासमोरच्या टंकलेखकाकडून करून घेतली. खाली लिहिले — ‘एक प्रेक्षक’.

पत्र छापून आले. चहाच्या वेळी अनघानेच ते मोठ्याने वाचून दाखवले.

“मेल्याला दुसरा उद्योग नसेल,” पत्नी म्हणाली. “आपल्याकडेही आहेत एक. पण ते निदान सही तरी करतात.”

अनघा हसली नाही. “लिहिलंय मुद्देसूद, आई. कथा टाकाऊच आहे, आम्हीही तेच म्हणतो. पण बाबा, चित्रांवर एक ओळ नाही. वाईट आहेत असं तरी लिहायचं. म्हणजे दिसलीच नाहीत ना?”

मी बशीतला चहा संपवला. साक्षीदाराने पाहिलेले दडवले तर त्याला काय म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते काय? उभा जन्म कोर्टाच्या दालनात गेला होता.

दोन महिन्यांनी तिने स्टुडिओ सोडला. “कुणाला दिसतच नसेल तर कशाला?” एवढेच म्हणाली. कायद्याकडे ती परतली नाही. एका कचेरीत चिकटली. रंग माळ्यावर गेले. माझ्या पत्रांच्या प्रती मात्र ती पूर्वीसारख्याच करून देत राहिली, त्याच अक्षरात.

काही वर्षांनी अशीच एक प्रत करताना तिने मान वर न करता विचारले, “बाबा, तुम्ही कधी पाहिली होती का हो ती मालिका?”

“एखादा भाग पाहिला असेल,” मी म्हणालो.

तिने पुढची ओळ लिहायला घेतली.

मी सव्वीसही भाग पाहिले होते. अकरावा दोनदा.