दोन्ही याद्यांत नसलेली सावेता

तिमिश नदीकाठच्या आमच्या कारखान्यात आम्ही मोठ्या लाकडी फळ्यांवर मोटारींच्या वायरी गुंफायचो. माझ्या शेजारच्या फळ्यावर सावेता ब्रिंदुशान असायची. वय एक्कावन्न, त्यातली सतरा वर्षं त्याच फळ्यापुढे गेलेली.

मार्चमध्ये नोटीस लागली. रोमानियातलं काम मोरोक्कोला जाणार होतं. खाली दोन याद्या होत्या, नोकरी जाणाऱ्यांची आणि राहणाऱ्यांची. मी जाणाऱ्यांत होते. सावेता कशातच नव्हती. तिने बोट फिरवत दोन्ही याद्या तीनदा वाचल्या.

फोरमन ग्रोझाव म्हणाला, पत्र येईपर्यंत येत राहा. ती येत राहिली. मंगळवारी तिचा फळाच उचलून ट्रकमध्ये घातला. मग ती भिंतीशी खुर्ची टाकून बसायची, दुपारी पावासोबत डुकराची खारवलेली चरबी खायची आणि पाळी सुटली की घरी जायची. तू कामावर आहेस की नाहीस, असं नवऱ्याने विचारलं, तर तिला सांगता येईना.

बाराव्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. तिथल्या तरुण बाईने तिचं अभिनंदन केलं. तिची जागा रद्द झाली होती, पण तीन महिने मोरोक्कोला जाऊन तिथल्या मुलींना काम शिकवायचं होतं.

"म्हणजे मला काढलंय, की बढती दिलीय?" सावेताने विचारलं.

बाईने स्क्रीनकडे पाहिलं. "दोन्ही नाही. तुमची पुनर्रचना झालीय."

बसथांब्यावर तिने मला सांगितलं तेव्हा मी चिडलेच. आपला घास नेणाऱ्यांना तूच भरवणार का, असं म्हणाले. ती एप्रिलमध्ये गेली.

तिकडची भाषा तिला येत नव्हती. मुलींचे हात हातात धरून ती शिकवायची. तिसऱ्या आठवड्यात हनान नावाच्या मुलीने उलट तिचीच चूक दाखवली. सावेताला इतका आनंद झाला, की मागाहून तिला त्याची लाज वाटली.

जुलैत परतली, तर घरी पत्र येऊन पडलेलं. नोकरी परस्परसंमतीने संपली होती. खाली तिचीच सही. मोरोक्कोला निघताना केलेल्या ढीगभर सह्यांतली ती कुठली, हे तिला आठवेना.

आता ती बेकरीत काम करते. हनान फोनवर आपल्या कामाचे फोटो पाठवते. सावेता पीठ झटकून चष्मा लावते, चुकलेल्या वायरीभोवती गोल काढते आणि फोटो परत पाठवते.

"त्यांच्यासाठी अजून फुकट का राबतेस गं?" मी विचारलं.

तिने पुढचा फोटो उघडला.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली.