परसातला ड्रम

नवरा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात घरच्या खताचं खूळ शिरलं. वर्ध्यातल्या आमच्या घरामागं चार वांग्याची, दोन टमाट्याची रोपं आणि एक कढीपत्ता. तेवढ्यासाठी त्यानं परसात ड्रम आणून ठेवला. त्यात तो सगळं ओतायचा: भाजीची देठं, शिळं वरण, आंबलेलं ताक, टरबुजाच्या साली. सुका पाला मात्र टाकायचा नाही, कारण तो गोळा करायला वाकावं लागलं असतं. आठवड्याभरात असा वास सुटला की जेवताना घास तोंडात फिरायचा. झाकण उघडलं की पांढऱ्या अळ्या काठावर चढून येत. माझ्या अंगावर काटा यायचा, आणि हा लांब काठीनं ढवळत सांगायचा की निसर्ग असाच असतो.

मी फार नाजूक झाले, असं त्याचं मत. नाजूक कुठली! माझी आई समुद्रपूरकडच्या खेड्यात रोज सकाळी दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण उचलायची. पावसाळ्यात डोक्यावरच्या टोपल्यातलं पाणी झिरपून तिच्या कपाळावरून तोंडाशी यायचं. माझे हात त्या टोपल्याला लागू नयेत म्हणून तिनं मला शाळेत घातलं. नोकरी लागल्यावर मी आधी तिचं ते काम सोडवलं. ते पुन्हा तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली. तोवर ड्रम पार नासला होता, तळाशी काळं पाणी साचलं होतं. नवरा चहा पिता पिता सहज बोलून गेला की आईंना शेणखतातलं कळतं, त्यांनीच जरा बघावं. मी नको नको म्हणेपर्यंत आई उठलीसुद्धा. जावयाचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता. तिनं पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात घालून तो चिखल बाहेर ओढायला लागली. पाला मागितला, माती मागितली. अळ्या तिच्या मनगटावर वळवळत होत्या. त्यांच्यापेक्षा जास्त किळस मला नवऱ्याची आली, कारण तो कप हातात घेऊन कौतुकानं बघत उभा होता.

"पाह्य," तो मला म्हणाला, "आईले काही वाटते का?"

आईनं मान वर केली नाही. "मलेबी किळस येते, जवाईबापू," ती म्हणाली. "तवाबी येत होती. कोणी इचारलंच नाई."

नवऱ्याचा चहा कपातच राहिला. पण मी तरी कुठं विचारलं होतं? तिला सवय आहे, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी तिला दंडाला धरून उठवलं, मोरीवर नेलं आणि साबण लावून तिचे हात नखांपर्यंत धुतले. तिनं धुऊ दिले. मग एक हात नाकाशी नेऊन हुंगला आणि पुन्हा माझ्यापुढं केला.

"आणखी एकदा लाव," ती म्हणाली.