सीटवरचे खळगे

पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या सायकलच्या सीटवर सकाळचं ऊन तिरपं पडलं, की चामड्यावर दोन पुसट खळगे दिसतात. ऊन सरकलं की दिसेनासे होतात. मग हात फिरवला तरच कळतात.

ही सीट घेताना आमच्या यांनी दुकानातली एकेक सीट अंगठ्याने दाबून पाहिली आणि सगळ्यांत कडक होती ती निवडली. "मऊ सीटला लवकर झोळ पडतो," म्हणाले, "ही आधी छळेल, मग माझ्या मापाची होईल." छळलंच तिने. फेरी मारून आले की खुर्चीत बसताना तोंड वाकडं करायचे आणि मला हसू आवरायचं नाही. खळगे जेमतेम उमटायला लागले आणि यांनी अंथरूण धरलं.

आता सीटला खोबरेल मी चोळते, यांनी शिकवलं तसं, खालच्या अंगाने आणि अगदी थोडं. त्याच बाटलीतलं तेल यांच्या पाठीला. सीटचं कातडं सैलावतंय, यांचं हाडांना चिकटत चाललंय.

"सीटला तेल लावलंस का गं?" आतून विचारतात.

"लावलं."

"दिवाळीपर्यंत मापाची होईल बघ."

"हो."

तेलाने चामडं नुसतं मऊ होतं. माप घ्यायला त्याला माणसाचं वजन लागतं. यांना कुशीवर वळवायला आधी मी शेजारच्या भाऊंना हाक मारायचे. हल्ली माझं मला जमतं.