गटारीची सेमीफायनल

मी मुंबईतल्या आठ-नऊ कारखान्यांच्या संघांकडून फुटबॉल खेळलो आणि मी सोडून गेलो म्हणून त्यांतल्या एकालाही वाईट वाटलं नाही. कारखाना बदलला की बनियन बदलायचं, एवढंच माझं करिअर. शेवटी उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला, तेव्हा मुलुंडच्या एका कारखान्याने मला कोच म्हणून ठेवून घेतलं. ‘ठेवून घेतलं’ म्हणजे टेम्पररी. त्या शब्दाला मी तोवर पार विटलो होतो. घरात बायको, दोन मुलं आणि घाटकोपरच्या चाळीतली एक खोली. दर पावसाळ्यात नवा संघ शोधायची ताकद आता माझ्यात नव्हती.

त्या वर्षी आम्ही चुकून सेमीफायनलला पोचलो. (समोरचे दोन संघ आलेच नव्हते.) कारखान्याचे मॅनेजर प्रधानसाहेब म्हणाले, “फायनल गाठा, तुम्हाला पर्मनंट करतो. नाहीतर हा फुटबॉलचा खर्च बंद.” मी तारीख बघितली आणि खुर्चीतच बसलो. मॅच रविवारी दुपारी चारला होती आणि त्या रविवारी गटारी होती.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. म्हणजे महिनाभराचं मटण एका दुपारी खायचा दिवस. माझी सगळी पोरं कोकणातली, एक गोलकीपर तांडेल तेवढा मढचा कोळी. घरी जेवून आली असती तर वाट लागली असती. म्हणून मी एक युक्ती केली. (आयुष्यात माझ्या सगळ्या युक्त्या अशाच जोरात सुरू झाल्या आहेत.) मी अख्ख्या टीमला माझ्याच घरी जेवायला बोलावलं, डोळ्यांसमोर राहतील म्हणून.

“सुमन, फक्त वरण-भात,” मी बायकोला बजावलं. “वर लिंबू. बाकी काही नाही.”

“गटारीला? पाहुण्यांना वरण-भात?” ती म्हणाली. “अहो, चाळीत तोंड दाखवायचंय मला.”

“पाहुणे नाहीत ते, खेळाडू आहेत.”

तिने डाळीचा डबा काढला. मला वाटलं, पटलं तिला. पण आतल्या बाजूला तिची आई तांदूळ निवडत बसली होती. सासूबाई दोनच दिवसांपूर्वी कणकवलीहून आल्या होत्या, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी कुर्ल्याला मैदान बघायला गेलो. गोलपोस्टपुढे घोटाभर चिखल होता, तेवढं बघून परत आलो तर चाळीच्या जिन्यातच वास आला. तो वरणाचा वास नव्हता. मी दुखऱ्या गुडघ्याने दोन-दोन पायऱ्या चढलो. खोलीत, गॅलरीत, शेजारच्या राणेंच्या दारापर्यंत पंगत बसली होती. पानात कोंबडीचा रस्सा होता आणि परातीत वड्यांचा डोंगर. तांडेलच्या आईने मढहून डबाभर कोळंबी पाठवली होती, तीही फिरत होती.

“गावडे, ऊठ,” मी आमच्या सेंटर फॉरवर्डला म्हणालो.

“मास्तर, उठतोच आहे. आजींनी शपथ घातली ना.”

“आई, अहो चार वाजता धावायचंय त्यांना.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तुमी गप रवा, जावय. रिकाम्या पोटान कोण जिकलो हा? घे रे झिला, आणखी दोन घे.”

आता मालवणी म्हातारी पुढ्यात वडा धरून उभी राहिली की नाही म्हणायची कोणाची बिशाद आहे? मी मधे पडलो तर वडा माझ्या हातावर आपटला आणि चटका बसला. मी हरलो आणि जेवायला बसलो. तोवर वडे संपले होते.

“तुमच्यासाठी ठेवलंय ना,” सुमन म्हणाली आणि तिने माझ्यापुढे वरण-भात ठेवला. वर लिंबू.

मॅच सुरू झाली तेव्हा आमची टीम मैदानात उतरली नाही, मांडली गेली. जो जिथे उभा होता तो तिथेच राहिला. नशिबाने चिखल एवढा होता की समोरच्यांचा बॉलही फारसा पुढे जात नव्हता. तांडेलला वाकता येत नव्हतं, पण तो एवढा फुगला होता की निम्मे शॉट त्याच्या पोटावर आपटून परत जात. हाफटाइमला शून्य-शून्य. मला जरा आशा वाटायला लागली.

मग गावडे आडवा झाला. लागलं वगैरे काही नव्हतं, झोप आली होती. राखीव खेळाडू बघितले, तर तेही जेवूनच आले होते आणि बाकावर डोळे मिटून बसले होते. टीममध्ये नावापुरतं माझंही नाव होतं. मी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि आत गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी आमच्यात धावू शकणारा मी एकटाच होतो. वरण-भात पचायला हलका असतो.

शेवटची पाच मिनिटं राहिली. बॉल माझ्या पायात आला, समोरून त्यांचे दोन तगडे गडी धावत आले. मी आयुष्यभर केलं तेच केलं, धोका टाळला. मागे वळून तांडेलकडे हळूच पास दिला. तेव्हाच्या नियमात गोलकीपर असा पास सरळ हातात घ्यायचा, कोणालाही विचारा. तांडेलने बॉल येताना बघितला. वाकायचा मनापासून प्रयत्न केला.

“मास्तर,” तो म्हणाला, “नाय जमत.”

बॉल त्याच्या पायांमधून सावकाश आत गेला. सगळ्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी चपला बाहेर काढूनच आत गेलो, म्हटलं निदान निरोप तरी नीट घेऊ.

“फुटबॉल बंद,” साहेब म्हणाले. “पण मला एक सांगा, काय खाल्लं होतं हो त्या पोरांनी?”

मी सगळं सांगितलं. वडे, रस्सा, कोळंबी, शपथ. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“आपल्या कॅन्टीनमध्ये कामगार ताट तसंच टाकून जातात. रोज बोंब. आणि तुमच्याकडे मॅच असताना लोक उठत नाहीत.” त्यांनी कपाळावर हात घासला. “कॅन्टीन सुपरवायझर म्हणून या. पर्मनंट.”

घरी येऊन सांगितलं. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “बघा जावय. पोरांक उपाशी ठेवला असता तर?”

उपाशी ठेवलं असतं तर आम्ही कदाचित जिंकलो असतो, आणि मी रिटायर होईपर्यंत कोच राहिलो असतो. नुसत्या विचारानेसुद्धा अजून गुडघा ठणकतो.